उदारमतवादी म्हणजे नक्की कोण? एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे. अमेरिकेत 'लिबरल' म्हणजे सरकारने गरिबांसाठी जास्त खर्च करावा म्हणणारा, युरोपात बऱ्याच ठिकाणी 'लिबरल' म्हणजे सरकारने बाजारात हात घालू नये म्हणणारा, आणि वादावादीत तर हा शब्द शिवीसारखाच फेकला जातो. मग त्याला स्वतःचा काही अर्थ उरला आहे का? आणि लोकशाही आहे तर उदारमतवाद वेगळा कशाला हवा?

चोवीस वर्षं मी राजकीय तत्त्वज्ञान शिकवते आहे. हा प्रश्न प्रत्येक नव्या वर्गात येतो आणि तो यावा असंच मला वाटतं. तुमच्या गोंधळाचं कारण मला असं दिसतं की तुम्ही उदारमतवाद धोरणांच्या यादीत शोधताय. कर कमी की जास्त, सरकार लहान की मोठं, यावर उदारमतवाद्यांचं आपसांत कधीच एकमत नव्हतं. दोन-अडीचशे वर्षांत त्यांची धोरणं पार उलटीपालटी झाली. कायम राहिला तो एक प्रश्न: माणसावर बंधन घालायचं असेल तर कारण कोणी द्यायचं? जुन्या व्यवस्थेत मोकळीक मागणाऱ्याने द्यायचं, म्हणजे राजाकडे अर्ज करायचा, धर्मपीठाची परवानगी घ्यायची. उदारमतवाद म्हणतो, कारण बंधन घालणाऱ्याने द्यायचं. तेही असं, की ज्याच्यावर बंधन येणार आहे त्याला तोंडावर सांगता आलं पाहिजे.

हे समजावं म्हणून मी पहिल्याच तासाला एक साधी गोष्ट करून घेते. प्रत्येकाने कागदावर एक अशी गोष्ट लिहायची, जिच्यावर बंदी यायला हवी असं त्याला मनापासून वाटतं. मग कागद उलटा करायचा आणि मागे त्याचं कारण लिहायचं, पण अशा शब्दांत की ज्याच्यावर बंदी येणार तो समोर बसला आहे. पुढची बाजू सगळ्यांची दोन मिनिटांत भरते. मागची बाजू निम्म्या जणांची कोरी राहते. एका मुलाने लिहिलं होतं, थोर माणसांवर जाहीर टीका करायला बंदी हवी. मागे लिहिलं, 'वाईट वाटतं.' शेजारच्या मुलीने तो कागद वाचला आणि विचारलं, 'कोणाला?' तो बराच वेळ गप्प बसला. त्याच तासाला दुसऱ्या एकीने नदीत रसायनं सोडणाऱ्या कारखान्यावर बंदी लिहिली होती, तिची मागची बाजू मात्र चार ओळींनी भरली होती. एखादी गोष्ट आपल्याला रुचत नाही आणि एखाद्या गोष्टीने दुसऱ्याला इजा होते, यांतलं अंतर त्या दोन कागदांनी माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा स्पष्ट केलं.

आता शब्दाकडे येऊ, कारण मराठीत तो थोडा फसवतो. 'उदार' म्हटलं की आपल्याला सढळ हाताने देणारा आठवतो. त्यामुळे उदारमतवादी म्हणजे मोठ्या मनाचा, सगळं चालवून घेणारा, अशी समजूत होते. त्यात बातम्यांमधलं 'उदारीकरण' अर्थव्यवस्थेपुरतं. मूळ लॅटिन शब्द 'लीबेर', म्हणजे स्वतंत्र, गुलाम नसलेला. त्यावरून 'लिबरल' हे विशेषण आलं आणि इंग्रजीतही बराच काळ त्याचा अर्थ मोठ्या मनाचा, दिलदार असाच होता. एका राजकीय गटाचं नाव म्हणून हा शब्द रुळला तो स्पेनमध्ये. नेपोलियनच्या फौजांनी देश व्यापलेला होता, आणि कादिझ या बंदराच्या शहरात जमलेल्या प्रतिनिधींनी १८१२ मध्ये राज्यघटना मंजूर केली. राजाच्या अनियंत्रित सत्तेला लगाम घालू पाहणारे ते 'लिबरालेस'. विरोधकांना त्यांनी 'सेर्विलेस' म्हटलं, म्हणजे ताबेदार.

या घटनेतला एक तपशील मी कधीच गाळत नाही. वृत्तपत्रांना स्वातंत्र्य देणाऱ्या, धर्मन्यायालय बंद करणाऱ्या याच मंडळींनी घटनेच्या बाराव्या कलमात कॅथलिक धर्म हाच राष्ट्राचा धर्म ठरवला आणि बाकीच्या धर्मांच्या आचरणावर बंदी घातली. 'उदारमतवादी' हे नाव राजकारणात पहिल्यांदा मिरवणाऱ्यांचीच ही गोष्ट. तेव्हा कोणी 'खरा, शुद्ध उदारमतवाद' दाखवायला लागलं की मला कादिझ आठवतं.

नावाच्या आधीपासून विचार मात्र होताच, आणि त्याचा उगम मला धर्मयुद्धांत दिसतो. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोप धर्माच्या नावाने अक्षरशः सोलून निघाला. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात जर्मन भाषक प्रदेशांतले कित्येक भाग ओस पडले. फ्रान्समध्ये १५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना काही हक्क दिले होते. चौदाव्या लुईने ते १६८५ मध्ये रद्द केलं आणि मोठ्या संख्येने लोक देश सोडून पळाले. त्याच सुमारास इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक हॉलंडमध्ये परागंदा होता. सहिष्णुतेवरचं त्याचं पत्र त्याने त्याच काळात लॅटिनमध्ये लिहिलं, ते १६८९ मध्ये नाव न घालता छापलं गेलं. त्यातला युक्तिवाद फार साधा आहे. शासनाच्या हातात काय असतं? दंड, तुरुंग, तलवार. या साधनांनी माणसाचं शरीर वाकवता येतं, श्रद्धा बदलता येत नाही. सक्तीने घडते ती श्रद्धा नसून नुसता देखावा असतो. म्हणून आत्म्याची काळजी हे शासनाचं कामच नव्हे.

मला या युक्तिवादाचं मोल वाटतं ते असं, की तो दुसऱ्याचा धर्म आवडण्याची अट घालत नाही. दुसरा चुकीच्या वाटेने चालला आहे असं तुम्ही खुशाल माना, फक्त त्याला आपल्या वाटेवर आणायला शिपाई पाठवू नका. 'उदारमतवादी म्हणजे सगळंच मान्य असलेला' ही समजूत इथेच खोटी ठरते. लॉकला अनेक पंथ मुळीच मान्य नव्हते. उलट त्याची मर्यादाही इथेच दिसते: नास्तिकांना सहिष्णुता देऊ नये असं त्याने त्याच पत्रात लिहिलं, कारण देवाला न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा ठेवता येत नाही असं त्याला वाटे.

पुढचा टप्पा मी भराभर सांगते, कारण तो शालेय पुस्तकांतही मिळतो. सत्ता एकाच हातात राहू नये म्हणून तिचे तुकडे करा हा विचार फ्रेंच लेखक मोंतेस्क्यूने १७४८ मध्ये नीट मांडला. अमेरिकेच्या घटनाकारांनी तो १७८७ मध्ये आराखड्यात उतरवला, आणि माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं, असं त्यांच्यातल्याच मॅडिसनने त्या घटनेचा कैवार घेताना लिहिलं. फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यातलं चौथं कलम म्हणतं की दुसऱ्याला इजा न करणारं काहीही करता येणं म्हणजे स्वातंत्र्य. इथपर्यंत भीती राजाची आणि धर्मपीठाची होती.

मग फ्रान्समध्ये राजा गेला, सत्ता लोकांच्या नावाने चालू लागली, आणि १७९३-९४ मध्ये त्याच लोकांच्या नावाने माणसं गिलोटिनखाली गेली. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर इथे आहे. लोकशाही विचारते, सत्ता कोणाच्या हाती असावी? उदारमतवाद विचारतो, सत्ता कोणाच्याही हाती असो, ती कुठपर्यंत चालावी? हे दोन प्रश्न निराळे आहेत. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताने त्या दिवसांपासून धडा घेतला होता. त्याचं म्हणणं असं, की अमर्याद सत्ता एकाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती दिल्याने काही सुधारत नाही, दोष हात कोणाचा यात नसून सत्तेच्या मापात आहे. १८१९ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने आणखी एक भेद सांगितला. प्राचीन ग्रीकांचं स्वातंत्र्य म्हणजे चौकात जमून राज्यकारभारात भाग घेणं. आधुनिक माणसाला हवं असतं ते मनमानी अटकेपासून, घरात घुसणाऱ्या हुकमापासून संरक्षण. पण त्याने शेवटी बजावलं होतं, की आधुनिक स्वातंत्र्याच्या नादात प्राचीन सोडलंत तर दोन्ही जाईल.

दोन प्रश्न निराळे म्हणजे ते एकमेकांवाचून राहूही शकतात. एकोणिसाव्या शतकातले कितीतरी उदारमतवादी सर्वांना मत द्यायच्या विरोधात होते. १८४० च्या दशकातल्या फ्रान्सचा कारभार स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांच्या हातात होता, आणि साडेतीन कोटींच्या देशात मतदार होते जेमतेम अडीच लाख, भरपूर कर भरणारे. उलट बाजूला, निवडून आलेलं बहुमत अल्पमताचं तोंड बंद करू शकतं. अमेरिकेतले तुरुंग पाहायला म्हणून १८३१ मध्ये गेलेल्या तोकव्हिल या फ्रेंच लेखकाने तिथे बहुमताच्या जुलमाचं जे वर्णन केलं, त्यात पोलीस नाहीत, फाशी नाही. चारचौघांपेक्षा वेगळं बोलणाऱ्याला समाज हळूच वाळीत टाकतो आणि तो माणूस स्वतःहून गप्प बसतो.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने हीच भीती उचलली. १८५९ मधल्या त्याच्या स्वातंत्र्यावरच्या निबंधात राजाचा धाक जवळजवळ नाहीच, आहे तो लोकमताचा आणि रूढीचा. एखाद्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध जोर चालवायचा तर एकच कारण चालेल, दुसऱ्याला होणारा अपाय टाळणं. त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही. मराठी पाठ्यपुस्तकांत याला 'स्वसंबंधी आणि परसंबंधी कृत्यं' असं म्हणतात. पण नुसतं एवढं पाठ करून मुलं फसतात, म्हणून मी मिलचंच उदाहरण फळ्यावर लिहिते. 'धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात' हे वाक्य वर्तमानपत्रात छापलं तर कोणी हात लावू नये. तेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे उच्चारलं तर शिक्षा होऊ शकते. शब्द तेच आहेत, बदलला तो प्रसंग. भाषणस्वातंत्र्याच्या जवळजवळ प्रत्येक वादात मी आधी हेच पाहते: छापलेला कागद आहे की दारातला जमाव? आजच्या पडद्यावरचा मजकूर एकाच वेळी दोन्ही असू शकतो, आणि म्हणून तिथे निवाडा अवघड जातो. तिथे माझ्याकडे तयार उत्तर नाही. किती लोकांपर्यंत, किती वेगाने, कोणत्या तापलेल्या क्षणी ते पोचतंय, यावर ते ठरतं.

आता तुमचा मूळ गोंधळ, बाजार आणि सरकार. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिलं तेव्हा सरकार आणि बडे व्यापारी यांची मिलीभगत होती: मक्तेदाऱ्या, सवलती, आयातीवर जकाती. मोकळा बाजार मागणं म्हणजे त्या मिलीभगतीविरुद्ध सामान्य गिऱ्हाइकाची बाजू घेणं होतं. इंग्लंडमधले धान्यावरचे जकात कायदे जमीनदारांच्या फायद्याचे होते आणि गरिबाची भाकरी महाग करत होते. ते १८४६ मध्ये रद्द झाले, हा त्या काळच्या उदारमतवाद्यांचा मोठा विजय. बाजाराची बाजू आणि गरिबाची बाजू तेव्हा एकच दिसत होती.

कारखाने वाढले तशी ती फाटत गेली. इथे एक खटला जरा थांबून बघा. न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये कायदा केला, की पाव-बिस्किटांच्या भट्टीतल्या कामगाराकडून दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. लॉक्नर नावाच्या भट्टीमालकाला दंड झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. न्यायालयाचं कारण असं: किती तास राबायचं हे मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवावं, मध्ये पडून सरकार दोघांचंही स्वातंत्र्य हिरावून घेतं. कागदावर हे उदारमतवादीच वाटतं. पण तळघरातल्या भट्टीपुढे पिठाच्या धुळीत उभा असलेला कामगार 'मला साठ तासच जमेल' म्हणाला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहायला किती वेळ लागणार होता? बंधन सरकारने घातलेलं नव्हतं एवढंच, बाकी ते होतंच.

हे आधीच ओळखणारा माणूस म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन. १८८१ मधल्या एका भाषणात त्याने सांगितलं की नुसती आडकाठी नसणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, काही करण्याजोगं करता येण्याची प्रत्यक्ष ताकद हवी. त्याच्यामागून हॉबहाउस आणि इतर 'नवउदारमतवादी' आले, आणि ब्रिटनच्या लिबरल सरकारने १९०८ मध्ये म्हाताऱ्यांना पेन्शन, १९११ मध्ये आजारपणाचा आणि बेकारीचा विमा आणला. (या शंभर वर्षांपूर्वीच्या 'नव' गटाचा आजच्या चर्चेतल्या, बाजाराला मोकळीक द्या म्हणणाऱ्या 'नवउदारमतवादा'शी घोटाळा करू नका. अर्थ जवळजवळ उलटा आहे. परीक्षेच्या उत्तरांत ही चूक मी दर वर्षी तपासते.) अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३० च्या दशकातल्या मंदीत आपल्या कार्यक्रमाला 'लिबरल' म्हटलं आणि तिथे तोच अर्थ चिकटला. युरोपात बहुतेक ठिकाणी जुना, बाजाराच्या बाजूचा अर्थ टिकला. ऑस्ट्रेलियात तर लिबरल पक्ष हा प्रमुख उजवा पक्ष आहे. तुम्हाला दिसलेला विरोधाभास हा असा तयार झाला.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवी. अर्थशास्त्रज्ञ हायेकने १९४४ मध्ये इशारा दिला की सगळं नियोजन एका केंद्राकडे गेलं की कोणाला काय मिळावं हेही तेच केंद्र ठरवू लागतं, आणि तिथून माघार अवघड होते. शेजारी हिटलर आणि स्टालिन असताना लिहिलेलं हे पुस्तक आहे, ते सहज बाजूला सारता येत नाही. विचारवंत आयझाया बर्लिनने १९५८ मध्ये दोन स्वातंत्र्यांचा भेद मांडला, आडकाठी नसणं आणि स्वतःचा धनी असणं. या दुसऱ्या स्वातंत्र्याच्या नावाखाली 'तुझं खरं हित आम्हालाच कळतं' म्हणणारे हुकूमशहा कसे शिरतात हेही त्याने दाखवलं. ग्रीनचं बरोबर आणि बर्लिनचीही धास्ती खरी, असं मला वाटतं. १९७१ मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने हे दोन्ही सांधायचा प्रयत्न केला: समाजात आपण गरीब असू की श्रीमंत, बहुसंख्य की अल्पसंख्य, धडधाकट की अपंग, हे माहीत नसताना कोणते नियम मान्य कराल? तीन वर्षांनी नॉझिक या दुसऱ्या अमेरिकी तत्त्वज्ञाने त्याला उत्तर दिलं, की लोकांनी राजीखुशीने केलेल्या देवाणघेवाणीतून जे ज्याच्याकडे गेलं ते पुन्हा वाटायचा हक्क सरकारला कुठून आला? हा वाद अजून मिटलेला नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, प्रत्येक पिढीने विचारलं ते एकच: विनाकारण वाकवणारी सत्ता सध्या कोणाच्या हातात आहे? कधी उत्तर आलं धर्मपीठ, कधी राजा, कधी बहुमत, कधी कारखानदार, कधी सर्वव्यापी सरकार. उत्तर बदललं की धोरण बदललं.

म्हणूनच 'मग आज उदारमतवाद्याने कुठली बाजू घ्यावी' याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. जिथे सरकारची पकड घरातल्या संभाषणापर्यंत पोचते, तिथे पहिलं काम सरकारला आवरणं. जिथे सरकार दुबळं आहे आणि गावगुंड, जातपंचायत किंवा एकच मोठा मालक माणसाचं जगणं ठरवतो, तिथे त्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी सरकार सशक्त करावं लागतं. मी वर्गात हे म्हटलं की कोणीतरी विचारतं, म्हणजे दोन्हीकडून बोलायची सोय झाली? तसं नाही. दोन्हीकडे विचारायची गोष्ट तीच आहे, वाकतो कोण आणि वाकवतो कोण.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकले, ती तुम्हाला सुरुवातीलाच सांगते. पहिली काही वर्षं मी हा इतिहास थोरांच्या मालिकेसारखा शिकवत असे. एका विद्यार्थिनीने विचारलं, 'लॉकचे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत शेअर होते ना?' मी 'तो काळच तसा होता' म्हणून पुढे गेले. ते उत्तर चुकीचं होतं. लॉकने त्या कंपनीत पैसे गुंतवले होते हे खरं आहे. मिलने पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली आणि 'मागास' समाजांसाठी हुकूमशाही कारभार योग्य ठरू शकतो असं त्याच स्वातंत्र्यावरच्या निबंधात लिहिलं. सर्वांचे हक्क जाहीर करणाऱ्या फ्रान्सने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूजला १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवलं, तिच्या राजकीय लिखाणासाठी. ही सगळी माणसं 'कारण बंधन घालणाऱ्याने द्यावं' म्हणत होती, पण कारण कोणाकोणाला द्यावं लागतं याची यादी त्यांनी गुपचूप आखूड ठेवली होती.

ती यादी लांब झाली ती बाहेर ठेवलेल्यांनी तोच युक्तिवाद उचलल्यामुळे. मिलच्या बाबतीत दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १८६७ मध्ये मताधिकाराच्या विधेयकात 'पुरुष' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' घाला अशी दुरुस्ती त्याने ब्रिटिश पार्लमेंटात मांडली. बाजूने ७३ मतं पडली, विरोधात १९६. दुरुस्ती पडली. ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं ते १९२८ मध्ये.

वाचायला कुठून सुरुवात करावी असंही तुम्ही विचारलं आहे. आधी लॉकचं सहिष्णुतेवरचं पत्र घ्या, ते छोटं आहे आणि एका बैठकीत होतं. मग मिलच्या निबंधाचं दुसरं प्रकरण, आणि तिसऱ्याची सुरुवात, धान्याचा व्यापारी तिथेच भेटतो. त्यानंतर कॉन्स्टंटचं भाषण. वाचताना वहीच्या एका बाजूला लिहा हा लेखक कोणाला भितो आहे, आणि दुसऱ्या बाजूला लिहा कोणाला तो विसरला आहे. रॉल्सला हात त्यानंतर लावा. तो जाडजूड आहे, आणि या दोन रकान्यांशिवाय त्याची पहिली शंभर पानं फार कोरडी जातात.